बारावीपासून लॅबच्या बेंचपर्यंत: प्रयोगशाळा तंत्रज्ञ होणाऱ्यांसाठी वाटाड्या

रक्त मशीनमध्ये घातलं की रिपोर्ट बाहेर येतो, तंत्रज्ञाने फक्त बटण दाबायचं, असा समज घेऊन बरेच जण या क्षेत्रात येतात. मशीन आकडा देतं हे खरं. पण तो आकडा याच पेशंटचा आहे का, आणि त्याच्या शरीरात खरंच तेवढं आहे का, की ट्यूबमध्ये काही घोळ झालाय, हे मशीनला कळत नाही. ते ओळखायचं काम तंत्रज्ञाचं. शिक्षण, नोंदणी आणि रोजचं काम याच नजरेने समजून घेतलंत, तर पुढचे टप्पे सोपे जातील.

१. आधी तीन पदं नीट ओळखा

लॅब टेक्निशियन, लॅब टेक्नॉलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट हे तीन शब्द बोलताना सर्रास एकमेकांत मिसळतात. टेक्निशियन म्हणजे साधारणपणे डिप्लोमा केलेला, सॅम्पल घेणारा आणि ठरलेल्या पद्धतीने टेस्ट लावणारा. टेक्नॉलॉजिस्ट म्हणजे पदवीधर. मशीनचं कॅलिब्रेशन (आकडा बरोबर यावा म्हणून केलेली जुळवणी), क्यूसी (गुणवत्ता तपासणी), चुकीच्या निकालांचा शोध, नवीन टेस्टची पडताळणी हे त्याच्याकडे जातं. पॅथॉलॉजिस्ट हा एमबीबीएसनंतर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर.

लहान लॅबमध्ये पहिली दोन कामं एकच माणूस करतो आणि संध्याकाळी बिलंही तोच बनवतो. ते चालतं. तिसऱ्याची जागा मात्र घेता येत नाही. लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी स्पष्ट केलं आहे. डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञानाचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी करून स्वतःच्या सहीने रिपोर्ट द्यायचं स्वप्न असेल, तर ते इथेच सोडा.

सापळा: मुलाखतीला गेलात की विचारा, पॅथॉलॉजिस्ट लॅबमध्ये किती वाजता येतात? उत्तर ‘त्यांची सही सॉफ्टवेअरमध्ये आहे’ असं आलं, तर ती स्कॅन केलेली सही आहे आणि रिपोर्ट बघणारं कोणी नाही. अशा ठिकाणी चूक झाली की पहिलं बोट तुमच्याकडे वळतं.

२. अभ्यासक्रम निवडा, पण आधी तास मोजा

बहुतेक अभ्यासक्रमांना बारावी विज्ञान लागतं, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रासह. महाराष्ट्रात साधारण हे रस्ते आहेत:

- डीएमएलटी: बारावीनंतरचा डिप्लोमा, बहुधा दोन वर्षांचा.
- बीएस्सी एमएलटी किंवा बीएमएलटी: तीन वर्षांची पदवी, त्यापुढे इंटर्नशिप.
- बीपीएमटी, लॅबोरेटरी टेक्निशियन शाखा: नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा अभ्यासक्रम, तीन वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेला असल्याने सॅम्पलची विविधता मिळते.
- बीएस्सी झाल्यावर डीएमएलटी: सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र वगैरे घेऊन पदवी झालेल्यांचा जुना, रुळलेला मार्ग.

२०२१ साली केंद्राने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात संलग्न व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांचं, दोन ते चार वर्षांत विभागलेलं शिक्षण धरलं आहे. आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तास, तीन ते सहा वर्षांत. म्हणून प्रवेश घेण्याआधी संस्थेकडे थिअरी, प्रॅक्टिकल आणि हॉस्पिटल पोस्टिंग यांचे तास वेगवेगळे लेखी मागा. एक वर्षाचा कोर्स या मोजमापात कसा बसतो, हेही लेखीच विचारा. तोंडी ‘सगळं मान्यताप्राप्त आहे’ याला काही अर्थ नाही.

सापळे इथे सगळ्यात जास्त. ‘घरबसल्या डीएमएलटी’, ‘सहा महिन्यांत लॅब तंत्रज्ञ’, दुसऱ्याच राज्यातल्या कुठल्याशा कौन्सिलचं भपकेबाज सर्टिफिकेट. टूर्निकेट (रक्त घेताना दंडाला बांधायचा पट्टा) बांधायला पोस्टाने शिकता येत नाही. संस्थेच्या स्वतःच्या लॅबमध्ये दिवसाला किती सॅम्पल येतात आणि विद्यार्थ्यांना शिरेतून रक्त घ्यायला देतात की नुसतं उभं राहून बघायला लावतात, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये विचारा. खरं उत्तर तिथेच मिळतं.

३. कागदपत्रांची फाइल आजच लावा

- दहावी, बारावीच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं
- शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला
- अधिवास प्रमाणपत्र, आधार, फोटो
- आरक्षित प्रवर्गासाठी जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेयर
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- डिप्लोमा किंवा पदवीच्या प्रत्येक सत्राची गुणपत्रिका, इंटर्नशिप प्रमाणपत्र
- नावात बदल असेल तर राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र

नावाचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण अर्ज अडकतात ते त्यामुळेच. दहावीला आईचं नाव मध्ये, आधारवर वडिलांचं, लग्नानंतर आडनाव तिसरंच. नोंदणीच्या आधी एकच नाव ठरवून सगळीकडे जुळवून घ्या. जात वैधतेला महिने लागू शकतात, भरतीची जाहिरात आल्यावर धावपळ करून ती मिळत नाही.

४. नोंदणी

महाराष्ट्रात महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषद अधिनियम, २०११ खाली परिषदेकडे नोंदणी होते. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानेही राज्याराज्यांत परिषदा आणि नोंदवही ठेवायला सांगितलं आहे. निकाल लागला, इंटर्नशिप संपली की लगेच अर्ज करा, नोकरी लागेपर्यंत थांबू नका. प्रमाणपत्रावरची मुदत मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. अर्ज थेट परिषदेकडे करायचा. ‘करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला मूळ गुणपत्रिका देऊ नका.

५. रुजू होण्याआधी लस

हिपॅटायटिस बीचे तीन डोस: पहिला, मग एक महिन्याने, मग सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (लसीने तयार झालेल्या प्रतिपिंडांची पातळी, म्हणजेच टायटर) तपासा. १० किंवा त्याहून जास्त आलं तर संरक्षण आहे. बरेच जण डोस घेतात आणि टायटर तपासतच नाहीत. सुई टोचल्यावर मग पळापळ होते.

सुई टोचलीच तर: बोट दाबून रक्त पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट ओतायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, लगेच वरिष्ठांना सांगून नोंद करायची आणि सरकारी रुग्णालय गाठायचं. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हावीत. ७२ तास उलटले की उपयोग उरत नाही. कोर्स २८ दिवसांचा असतो. ‘साहेब ओरडतील’ म्हणून गप्प बसणं हा यातला सगळ्यात महागडा निर्णय.

६. सॅम्पल घेणं: निम्मी लढाई इथेच

नवखा माणूस शीर सापडण्याची चिंता करतो. शीर सरावाने सापडते. खरी चूक त्याआधी होते.

नाव. ‘तुम्ही सुनीता पाटील ना?’ असं विचारू नका. कानाने कमी ऐकणारी आजी कुठल्याही नावाला मान डोलावते. ‘आजी, पूर्ण नाव सांगा बरं. वय किती?’ असं विचारा आणि फॉर्मशी ताडून बघा. दोन ओळखी हव्यात: नाव आणि वय, किंवा नाव आणि नोंदणी क्रमांक. लेबल ट्यूबवर रक्त घेतल्यावर, पेशंटसमोरच लावायचं. आधीच लेबल लावून ठेवलेल्या सहा ट्यूब ट्रेमध्ये सरकल्या की काय होतं, ते सांगायला नको.

उपाशीपोटी. हा आपल्याकडचा खास सापळा आहे. ‘उपाशी आहात ना?’ विचारलं की ‘हो, आज उपवासच आहे’ असं उत्तर येतं, आणि पोटात साबुदाण्याची खिचडी असते. म्हणून प्रश्न बदला: ‘काल रात्री जेवल्यापासून आतापर्यंत पाण्याखेरीज तोंडात काय काय गेलं? चहा? बिस्कीट? मिश्री, तंबाखू?’ फास्टिंग शुगरला किमान ८ तास लागतात. जेवणानंतरच्या शुगरचे दोन तास जेवणाच्या पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही.

टूर्निकेट. टोचायच्या जागेच्या चार बोटं वर बांधा, एका मिनिटाच्या आत सोडा. जास्त वेळ राहिला तर पाणी शिरेबाहेर झिरपतं आणि प्रोटीन, कॅल्शियम, पेशींचे आकडे खोटे वाढतात. मूठ उघड-मीट करायला लावू नका, पोटॅशियम वाढतं. स्पिरिट लावल्यावर ३० सेकंद सुकू द्या. ओल्या कातडीतून सुई गेली तर पेशंटला झोंबतं आणि रक्त हिमोलाइझ होतं, म्हणजे तांबड्या पेशी फुटतात.

सलाइन चालू असलेल्या हातातून कधीही रक्त घेऊ नका. डेक्स्ट्रोज चालू असेल तर शुगर ६०० येते, सोडियम तळाला जातं आणि वॉर्डात इन्सुलिनची धावपळ सुरू होते. दुसऱ्या हातातून घ्या. डायलिसिसच्या फिस्टुलाचा (शस्त्रक्रियेने शीर-धमनी जोडलेला) हात वर्ज्य, आणि स्तन काढलेल्या बाजूचा हात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

ट्यूबचा क्रम पाठच करा (झाकणाचा रंग, मग आतलं रसायन):

१) ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची बाटली)
२) फिकट निळं झाकण, सायट्रेट
३) लाल किंवा पिवळं, सिरमसाठी (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव)
४) हिरवं, हेपॅरिन
५) जांभळं, ईडीटीए
६) करडं, फ्लोराइड

कारण समजलं की क्रम विसरत नाही. जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए हे पोटॅशियमचं लवण असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. त्याचा थोडासा अंश सिरमच्या ट्यूबमध्ये गेला तर पोटॅशियम १२ आणि कॅल्शियम ४ असा निकाल येतो, आणि पेशंट मात्र बाहेर बाकावर चहा पीत बसलेला असतो. अशा पोटॅशियमवर माणूस चहा पीत बसू शकत नाही. पोटॅशियम अफाट आणि कॅल्शियम रसातळाला, अशी जोडी दिसली की आधी ट्यूबवर संशय घ्या. ‘रक्त कमी पडलं म्हणून जांभळ्यातलं थोडं लालमध्ये ओतलं’ हा प्रकार ऐकायला विनोदी वाटतो, पण घडतो.

सायट्रेटची ट्यूब खुणेपर्यंत भरलीच पाहिजे: ०.३ मिली सायट्रेटला २.७ मिली रक्त, म्हणजे एकास नऊ. ट्यूब अर्धी राहिली तर सायट्रेट जास्त होतं आणि पीटी, एपीटीटी (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेच्या टेस्ट) खोटे लांबतात. रक्त पातळ करण्याच्या गोळीवर असलेल्या माणसाचा डोस मग उगाच कमी केला जातो. बटरफ्लायने (बारीक नळी जोडलेल्या सुईने) रक्त घेताना निळी ट्यूब पहिलीच असेल, तर आधी एक ट्यूब नळीतली हवा काढण्यापुरती लावून टाकून द्या, नाहीतर ती हवाच ट्यूबमधली जागा खाते.

भरल्यावर हलकेच उलटी-सुलटी करा: सायट्रेट ३-४ वेळा, जेलची (पिवळ्या झाकणाची) ट्यूब ५, ईडीटीए आणि फ्लोराइड ८-१० वेळा. उलटी-सुलटी, खळखळ नव्हे. सिरिंजने घेतलं असेल तर सुईतून जोराने दाबून भरू नका.

पेशंट पांढरा पडला, घाम फुटला तर सुई काढा, आडवं झोपवा, पाय उंच करा. खुर्चीतून पडलेला माणूस हा लॅबमधला टाळता येणारा अपघात आहे.

७. सेंट्रिफ्यूज आणि वेळ

सिरमची ट्यूब आणली की लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवून पेशी आणि सिरम वेगळं करणारं यंत्र) फिरवायची घाई होते. जेलच्या ट्यूबला गोठायला ३० मिनिटं द्या, साध्या लाल ट्यूबला ६० पर्यंत. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आणखी. अर्धवट गोठलेल्या सिरममध्ये फायब्रिनचे (गुठळी बनवणाऱ्या प्रथिनाचे) धागे राहतात, ते मशीनच्या प्रोबमध्ये (सॅम्पल ओढणाऱ्या नळीत) अडकतात आणि निकाल कमी येतात.

मग १,००० ते १,३०० जी बळावर १० मिनिटं. इथे ‘तीन हजारवर लाव’ एवढंच शिकवलं जातं. पण आरपीएम (मिनिटाला किती फेरे) आणि जी (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट बळ) एक नाहीत. सूत्र असं: ०.००००१११८ गुणिले रोटरची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले आरपीएमचा वर्ग. रोटर १० सेंमीचा असेल तर ३,००० आरपीएमला सुमारे १,००६ जी पडतात. १६ सेंमीचा असेल तर त्याच ३,००० ला सुमारे १,६१०. त्या मोठ्या मशीनवर २,७०० पुरे. त्रिज्या मोजा, एकदाच हिशोब करा आणि झाकणावर चिकटवून ठेवा. ट्यूब समोरासमोर, सारख्या पातळीच्या. खडखडाट ऐकू आला की थांबवा.

साखरेचं वेगळंच असतं. रक्तपेशी ट्यूबमध्येही साखर खात राहतात, खोलीच्या तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्के. ११० ची शुगर साध्या ट्यूबमध्ये, न फिरवता तीन तास पडून राहिली तर ९० च्या आसपास उतरते, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा माणूस ‘नॉर्मल’ होऊन घरी जातो. करड्या ट्यूबवर आंधळा भरवसा नको. फ्लोराइड साखर वापरण्याच्या साखळीतल्या फार पुढच्या पायरीला अडवतं, त्यामुळे पहिले एक-दोन तास घट चालूच राहते. होम कलेक्शनच्या पिशवीत ही ट्यूब बर्फाच्या पॅकजवळ ठेवा आणि लवकर फिरवा. उलट पोटॅशियमची न फिरवलेली ट्यूब फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडीत पेशींचे पंप मंदावतात आणि पोटॅशियम बाहेर गळतं.

फिरवल्यावर सिरम बघा. गुलाबी-लाल असेल तर हिमोलाइझ झालंय: पोटॅशियम, एलडीएच, एएसटी (पेशी फुटल्यावर खोटे वाढणारे आकडे) देऊ नका, नवीन सॅम्पल मागा. सॅम्पल नाकारायला नवख्याला लाज वाटते. लॅबचे नाकारण्याचे निकष लेखी असतात, त्यावर बोट ठेवा आणि वहीत नोंद करा.

८. सीबीसी: मशीनशी वाद घालायला शिका

सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी. दोन हिशोब डोक्यात ठेवा. हिमोग्लोबिन गुणिले तीन म्हणजे साधारण हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के), तीन इकडे-तिकडे. हिमोग्लोबिन १२.४ तर हिमॅटोक्रिट ३७ च्या जवळ. मशीनने २९ दाखवलं तर एमसीएचसी (तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण) जवळजवळ ४३ येतं, आणि तांबड्या पेशीत एवढं हिमोग्लोबिन मावतच नाही. एक तर पेशी थंडीने चिकटल्यात: ट्यूब ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून पुन्हा लावा. नाहीतर सिरम दुधाळ आहे आणि त्यामुळे हिमोग्लोबिन खोटं वाढलंय. लोहाची कमतरता, थॅलेसेमिया मायनर (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा सौम्य प्रकार) अशांमध्ये पेशीच वेगळ्या असल्याने हा तिनाचा हिशोब बसत नाही, तेव्हा स्मिअर (काचेवर पसरून रंगवलेला रक्ताचा थर) बघा.

दुसरा हिशोब प्लेटलेटचा, आणि पावसाळ्यात तोच रोज लागतो. समजा डेंग्यूच्या दिवसांत मशीन ३८,००० दाखवतंय. डॉक्टरांना फोन करण्याआधी:

आधी लाकडी काडीने ट्यूबमध्ये क्लॉट (गुठळी) आहे का बघा. क्लॉट असेल तर सॅम्पल बाद. नसेल तर स्मिअर काढा आणि त्याच्या शेपटीकडची कड बघा, गठ्ठे तिथे जमतात. मग ऑइल इमर्शनखाली (सूक्ष्मदर्शकाच्या तेल लावून वापरायच्या भिंगाखाली) दहा फील्डमधल्या (एका वेळी दिसणाऱ्या भागातल्या) प्लेटलेट मोजा आणि सरासरीला १५,००० ने गुणा. सरासरी १२ आली तर सुमारे १,८०,०००. म्हणजे प्लेटलेट आहेत, पण ईडीटीएमुळे एकमेकींना चिकटल्यात आणि मशीनने गठ्ठ्याला एकच पेशी समजलं. सायट्रेटच्या ट्यूबमध्ये नवीन सॅम्पल घ्या आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणा, कारण सायट्रेट द्रव असल्याने रक्त तेवढं पातळ होतं. रिपोर्टमध्ये गठ्ठ्यांचा उल्लेख करा. हे केलं नाही तर धडधाकट माणसाला प्लेटलेटच्या पिशवीसाठी पळावं लागतं. आणि स्मिअरवरही खरंच फील्डला दोन-तीनच दिसल्या, तर तो आकडा खरा आहे. मग मात्र फोन करायला उशीर नको.

लीशमनचा डाग (स्मिअरला दिलेला रंग) फार निळा येत असेल तर बफर तपासा, पीएच ६.८ हवा. बोअरचं पाणी वापरलं की हमखास निळं येतं.

मलेरियाचा जाड स्मिअर मिथेनॉलने फिक्स करायचा नाही, त्यातल्या तांबड्या पेशी फुटल्याच पाहिजेत. पातळ स्मिअर फिक्स करायचा. दोन्ही एकाच काचेवर असतील तर मिथेनॉलचा थेंब जाडाकडे ओघळू देऊ नका. निगेटिव्ह म्हणण्याआधी जाड स्मिअरची किमान १०० फील्ड.

९. थुंकी आणि रक्तगट

क्षयासाठीच्या झील-नील्सन पद्धतीने रंगवलेल्या थुंकीच्या स्मिअरवर घाईने ‘निगेटिव्ह’ लिहिणं सोपं असतं. निगेटिव्ह म्हणजे १०० ऑइल फील्डमध्ये एकही जिवाणू नाही. १ ते ९ असतील तर ‘स्कँटी’ लिहून नेमकी संख्या द्या. १०० फील्डमध्ये १० ते ९९ म्हणजे १+. प्रत्येक फील्डला १ ते १० म्हणजे २+, त्यासाठी ५० फील्ड. फील्डला १० पेक्षा जास्त म्हणजे ३+, त्यासाठी २० फील्ड. कार्बोल फुक्सिन (या पद्धतीतला लाल रंग) वाफ येईपर्यंत तापवायचं, उकळवायचं नाही. नमुना लाळेचा आला असेल तर परत मागा: सकाळी, खोल खोकून काढलेला.

रक्तगटाला फक्त अँटी-ए, अँटी-बी, अँटी-डी लावून मोकळं होऊ नका. उलट तपासणीत (पेशंटचं सिरम माहीत असलेल्या गटाच्या पेशींशी लावून बघताना) ए, बी आणि ओ, तिन्ही पेशी घ्या. आपल्याकडे तर याला खास कारण आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत बॉम्बे रक्तगट शोधला. या लोकांच्या पेशींवर एच हा पायाभूत घटकच नसतो. अँटी-ए, अँटी-बीची सरळ तपासणी त्यांना ‘ओ’च दाखवते. पण त्यांचं सिरम ओ पेशींनाही गोळा करतं, आणि त्यांना ओ रक्त दिलं तर जीवघेणी प्रतिक्रिया होते. उलट तपासणीतली ओ पेशींची एक नळी वाचवली की हे निसटतं. संशय आला तर अँटी-एच लावा आणि रक्तपेढीला कळवा.

१०. क्यूसी

रोज पेशंटच्या आधी किमान दोन पातळ्यांचं कंट्रोल (किती यायला हवं ते आधीच माहीत असलेलं सॅम्पल). समजा ग्लुकोजच्या कंट्रोलचा मध्य ९५ आणि एसडी (निकाल मध्यापासून साधारण किती हलतात त्याचं माप) ३. मग ८९ ते १०१ ही दोन एसडीची पट्टी, ८६ ते १०४ ही तीनची.

एकदा १०२ आलं: इशारा, बाकीचे नियम बघा. लागोपाठ १०२, १०३ आलं: एकाच बाजूला दोनदा दोन एसडीबाहेर, रिपोर्ट थांबवा. कॅलिब्रेशन किंवा रिजेंट (टेस्टचं रसायन) सरकलंय. १०५ आलं: एकदाच पुरे, थांबवा. एक पातळी वर दोन एसडीबाहेर आणि दुसरी खाली दोनबाहेर: बुडबुडा, पिपेट, नीट न मिसळलेलं कंट्रोल. सलग दहा निकाल मध्याच्या एकाच बाजूला: मशीनचा दिवा म्हातारा होतोय किंवा रिजेंट जुनं झालंय.

सगळ्यात घाणेरडी सवय म्हणजे क्यूसी लागेपर्यंत तेच कंट्रोल पुन्हा पुन्हा लावणं आणि लागलेला एकच निकाल वहीत लिहिणं. पाच वेळा नापास होऊन सहाव्यांदा पास झालेल्या मशीनवर तुमच्या आईचं सॅम्पल लावाल का? कारण शोधा, दुरुस्त करा, मग लावा, आणि सगळे प्रयत्न लिहा. याशिवाय बाहेरच्या संस्थेकडून गुणवत्ता तपासून घेणारी लॅब निवडा. बायोकेमिस्ट्रीसाठी वेल्लोरचं सीएमसी (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) असे कार्यक्रम चालवतं. एनएबीएलचं (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं) मानांकन आयएसओ १५१८९ या मानकावर असतं आणि तिथे या नोंदी बघितल्या जातात.

११. निकाल सोडताना

मागचा रिपोर्ट उघडा. काल क्रिएटिनिन १.१ आणि आज ६.४, तर आधी ट्यूबवरचं नाव बघा. धोक्याचे आकडे प्रत्येक लॅबच्या यादीत असतात, पाठ करा. फोनवर डॉक्टरांना आकडा सांगा, त्यांच्याकडून तो परत वदवून घ्या, मग वेळ आणि ऐकणाऱ्याचं नाव लिहा. पेशंटच्या नातेवाइकाने काउंटरवर ‘काय निघालं हो?’ विचारलं तर निदान सांगू नका. एचआयव्हीचा निकाल तर कोणत्याही परिस्थितीत तिसऱ्याला नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमती आणि गुप्तता दोन्ही बंधनकारक आहेत. ऑफिसातून आलेल्या मेडिकलचा एचआयव्ही निकाल कंपनीच्या माणसाच्या हातात देणं हीही त्यातच मोडणारी चूक.

१२. कचरा

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे: सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न भोसकता येणाऱ्या डब्यात. सुई काढलेल्या सिरिंज, व्हॅक्युटेनर, हातमोजे लाल पिशवीत. रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्यात. काच निळ्यात. जिवाणूंच्या कल्चर प्लेट आधी ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक), मगच पिशवीत. ४८ तासांपेक्षा जास्त साठवू नका. सुईला टोपी परत घालू नका. सांडलेल्या रक्तावर १ टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण): बाटली ५ टक्क्यांची असेल तर एक भाग त्यात चार भाग पाणी, आणि रोज ताजं.

१३. पुढची पायरी

सरकारी भरतीत पदनाम वेगवेगळं असतं: कुठे प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कुठे प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी. जाहिरातीतली पात्रता शब्दशः वाचा. ‘विज्ञान पदवी आणि डीएमएलटी’ मागितलं असेल तर बारावीनंतरचा नुसता डिप्लोमा चालत नाही, अनुभव कितीही असो.

दुबई, कतार, सौदीला जायचं असेल तर तिथे तुमची कागदपत्रं थेट कॉलेज आणि हॉस्पिटलकडून पडताळली जातात. म्हणून नोकरी सोडताना अनुभवाच्या दाखल्यावर पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, कामाचे विभाग, लेटरहेड, शिक्का आणि चालू असलेला फोन नंबर, सगळं आहे ना बघा. कॉलेज सोडतानाच अभ्यासक्रमाची तासांसह शिक्का मारलेली प्रत मागून ठेवा. दहा वर्षांनी तो क्लार्क तिथे नसतो आणि कॉलेजचं नावही कधी कधी बदललेलं असतं.